वाटीचे ग्रॅम आणि ग्रॅमच्या वाट्या: मापं बदलताना नेमकं कुठे चुकतं

अर्धा किलोचं मोदकाचं पीठ आणलं. कृतीत ‘पिठाइतकंच पाणी’ लिहिलेलं, म्हणून अर्धा लिटर पाणी उकळलं. उकड कोरडी झाली, पारी काठाला चिरायला लागली आणि दोष तांदळावर गेला. तांदळाचा काही दोष नव्हता. ‘एकास एक’ हे वाटीचं माप आहे, वजनाचं नाही. माझ्याकडच्या १६० मिलीच्या वाटीत सपाट भरलेली पिठी १०० ग्रॅम बसते. म्हणजे अर्धा किलो पिठी पाच वाट्या, आणि पाणीही पाच वाट्या, म्हणजे ८०० मिली. तीनशे मिली पाणी कमी पडल्यावर मोदकाला कळ्या कशा पडणार?

दिवाळी-गणपतीच्या आधी असे गोंधळ हमखास होतात आणि बहुतेकांचं मूळ एकच असतं: मिली आणि ग्रॅम हे एकाच गोष्टीचे दोन आकडे धरलेले असतात. मिली म्हणजे जागा, ग्रॅम म्हणजे वजन. हे दोन पाण्यापुरते जुळतात, बाकी प्रत्येक जिन्नसाचा हिशोब वेगळा. इंटरनेटवरच्या तक्त्यात आकडे तयार मिळतात, पण तो तक्ता दुसऱ्याच्या कपाचा आणि दुसऱ्याच्या हाताचा असतो. स्वतःच्या वाटीचा तक्ता एकदाच करायचा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. तो कसा करायचा ते पुढे क्रमाने दिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे. मधला टप्पा गाळलात, तर पुढचे सगळे आकडे तेवढेच चुकतील.

तयारी

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, रोजची वाटी, मापाचे चमचे, सुरी किंवा उलथन्याची सरळ कड, वही-पेन. ज्याचा तक्ता करायचा ते जिन्नस डब्यातून एकदा चमच्याने मोकळे करून ठेवा. गिरणीतून नुकतं आणलेलं पीठ फुललेलं असतं आणि आठवडाभर डब्यात बसलेलं पीठ दबलेलं असतं, त्यामुळे एकाच वाटीत त्यांचं वजन वेगळं भरतं. पावसाळ्यात गुठळ्या झालेली पिठीसाखर चाळल्याशिवाय मोजू नका.

वाटी एकच ठरवा. सेटमधल्या सहा वाट्या सारख्या दिसल्या तरी आमटीची आणि भाजीची वाटी पुष्कळदा वेगळी असते. ठरवलेल्या वाटीला तळाशी मार्करने खूण करा.

टप्पा १: काटा खरं बोलतो का ते बघा

काटा ओट्यावर ठेवा. कपड्यावर, मॅटवर किंवा हलणाऱ्या टेबलावर नको. रिकामा असताना शून्य यायला हवं. मग दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. वजन सुमारे ७७ ग्रॅम यायला हवं. एखाद-दुसऱ्या ग्रॅमचा फरक चालेल, सत्तर किंवा पंच्याऐंशी आलं तर आधी सेल बदला.

सावधान: बऱ्याच काट्यांवर ग्रॅमवरून मिलीवर जायचं बटण असतं. तो मिली पाण्याचा असतो, कारण काट्याला भांड्यात काय आहे ते कळत नाही. तेल, मध, पीठ यांच्यासाठी ते बटण वापरू नका आणि चुकून दाबलं गेलेलं नाही ना, हे दर वेळी पडद्यावर बघा.

आणखी एक खोड लक्षात ठेवा. काट्यावर एखादी गोष्ट अगदी चिमूट चिमूट टाकत राहिलात तर काही काटे ती भर मोजतच नाहीत. सोडा, यीस्ट असलं काही मोजायचं तर ते वेगळ्या छोट्या वाटीत एकदम घेऊन मोजा.

टप्पा २: वाटीत किती मावतं ते काढा

रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा. काठापर्यंत पाणी भरा, सांडू देऊ नका. पडद्यावर जेवढे ग्रॅम तेवढे मिली. स्वयंपाकघरातल्या हिशोबाला पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली पुरतो. तीनदा करा आणि मधला आकडा घ्या. वाटी बाहेरून ओली राहिली असेल तर तेही वजन धरलं जातं, म्हणून पुसून ठेवा.

हा आकडा तक्त्याच्या डोक्यावर लिहा: ‘वाटी = १६० मिली’ किंवा जो काय येईल तो. याच पद्धतीने चहाचा चमचा, पोहे खायचा चमचा, तेलाची पळी आणि डावही मोजून टाका. चमचा एक एक मोजू नका, दहा चमचे पाणी ओतून दहाने भागा.

टप्पा ३: कृतीतला कप कुठला ते ओळखा

इथे लोक सरळ पुढे जातात आणि फसतात. कप हे एकच माप नाही. अमेरिकन कृतीतला कप साधारण २४० मिलीचा (काटेकोर सांगायचं तर २३६.६), ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा. आपल्याकडच्या दुकानांतले मापाचे कप दोन्ही प्रकारचे असतात, आकडा दांड्यावर किंवा तळाला असतो, तो वाचा. राईस कुकरबरोबर येणारा कप १८० मिलीचा असतो. तो मापाच्या कपांत मिसळला की केकची वाट लागते. आईच्या किंवा सासूबाईंच्या वहीतला ‘कप’ बहुतेकदा चहाचा असतो, तेव्हा घरात तो कप अजून असेल तर टप्पा २ त्याच्यावरही करा.

छोटा चमचा सगळीकडे ५ मिलीचा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात मात्र २० मिलीचा. मेलबर्नच्या बहिणीने पाठवलेल्या कृतीत तीन मोठे चमचे म्हणजे आपले चार.

अमेरिकन कृतीत आउंस आला तर आणखी जपा. पातळ पदार्थांचा आउंस जागेचा, सुमारे २९.६ मिली. कोरड्या पदार्थांचा आउंस वजनाचा, सुमारे २८.३५ ग्रॅम. ‘८ आउंस मैदा’ म्हणजे २२७ ग्रॅम, एक कप नव्हे. एक कपात मैदा त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त बसतो. तिकडे बटर कांड्यांत मोजतात, एक कांडी ११३ ग्रॅमची. आपल्या १०० ग्रॅमच्या पाकिटाने ती भरून निघत नाही.

जुन्या वहीत पायली, शेर, मापटं, चिपटं असेल तर किलोत बदलायच्या भानगडीत पडू नका. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली: हे सगळं मापाचं, जागेचं गणित आहे. शेर मात्र वजनाचाही होता, म्हणून आधी मागच्या-पुढच्या जिन्नसांवरून तो कुठला ते बघा. पायलीबरोबर आला असेल तर मापाचाच. मग नुसतं प्रमाण घ्या, म्हणजे पायलीला चार वाट्या आणि शेराला एक, आणि पुढचं आपल्या वाटीने करा.

टप्पा ४: भरायची पद्धत ठरवा आणि ती मोडू नका

२४० मिलीच्या कपात मैदा चमच्याने हलक्या हाताने भरला आणि वरून सुरी फिरवून सपाट केला, तर १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरून काढला तर १४० ते १५०. तीन कपांच्या केकमध्ये ७० ग्रॅम मैदा जास्त गेला, म्हणजे अर्ध्या कपाहून जास्त. केक कोरडा का झाला, ते ओव्हनला विचारायची गरज नाही.

कोरडं पीठ: डब्यात हलवा, चमच्याने वाटीत टाका, वाटी आपटू नका, कड फिरवा. साखर, रवा, तांदूळ, डाळी: सरळ भरून कड फिरवली तरी चालतं, हे जिन्नस फारसे दबत नाहीत. ओलं खोबरं, किसलेला गूळ: दाबून की हलकं, ते तक्त्यात शब्दात लिहा. नुसतं ‘१ वाटी गूळ’ याला काही अर्थ नाही. चिरलेला, किसलेला आणि दाबलेला गूळ यांत वाटीमागे बराच फरक पडतो, म्हणून गूळ मी नेहमी वजनानेच घेते.

शीग हा सगळ्यात मोठा चोर. आपल्याकडे वाटी शिगोशीग भरायची सवय, आणि पिठाची शीग तर साखरेच्या शिगेपेक्षा कितीतरी उंच उभी राहते. कृतीत शीग सांगितली नसेल तर सपाट धरा. वहीत ‘भरून वाटी’ असेल तर लिहिणाऱ्या व्यक्तीला विचारा, विचारता येईल तोवर.

शब्दांचा क्रमही बघा. ‘१ कप मैदा, चाळून’ म्हणजे आधी मोजायचा, मग चाळायचा. ‘१ कप चाळलेला मैदा’ म्हणजे आधी चाळायचा. दुसऱ्यात मैदा कमी बसतो. ‘१ वाटी शेंगदाण्याचं कूट’ आणि ‘१ वाटी शेंगदाणे, कूट करून’ यांचंही तसंच.

टप्पा ५: वजन करा, तक्ता लिहा

आता वाटी काट्यावर ठेवून शून्य करा. वाटी उचलून, काट्याबाहेर, ठरलेल्या पद्धतीने भरा. काट्यावर ठेवूनच कड फिरवली की सांडलेलं पीठही मोजलं जातं. परत ठेवा, आकडा लिहा, रिकामी करा, पुन्हा भरा. तीन आकड्यांत पिठाला पाच-सहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक येत असेल तर हात अजून बसलेला नाही. पुन्हा टप्पा ४.

तुमचे आकडे ताडून बघायला, दर १०० मिली जागेत साधारण किती ग्रॅम बसतात ते असं:

- पाणी १००, दूध १०३, दही १०४
- तेल ९१, पातळ केलेलं तूप ९० ते ९१, बटर ९६
- मध सुमारे १४०
- बारीक मीठ सुमारे १२०
- साखर ८३ ते ८७, पिठीसाखर ४५ ते ५०
- तांदूळ आणि डाळी ८० ते ८८
- रवा ७०, तांदळाची पिठी ६० ते ६७
- मैदा आणि कणीक, हलकी भरलेली, ५० ते ५२
- बेसन ४० ते ५०
- साबुदाणा, शेंगदाणे, तीळ साधारण ६० ते ६५
- कॉर्नफ्लोअर ५४, कोको ३६
- खवलेलं ओलं खोबरं, न दाबता, ३४ ते ४०

आपल्या वाटीचा आकडा काढायचा तर वाटीच्या मिलीने गुणून १०० ने भागा. १६० मिलीच्या वाटीत रवा: ७० × १६० ÷ १०० = ११२ ग्रॅम. तुमच्या काट्यावर १०८ किंवा ११६ आले तर तुमचाच आकडा खरा, तो लिहा. १५० आले तर शीग राहिली आहे, नाहीतर वाटी १६० ची नाही.

तपासणी: पीठ मिलीच्या निम्म्याच्या आसपास, धान्य पाचात चार, तेल-तूप दहात नऊ, पाणी-दूध जवळपास तेवढंच, मीठ आणि मध मात्र मिलीपेक्षा जास्त. तक्त्यातला कुठलाही आकडा याच्या फार बाहेर गेला तर तो पुन्हा मोजा. पिठाचे ग्रॅम मिलीपेक्षा जास्त आले तर हिशोब नक्की उलटा झाला आहे.

तुपाचं तेवढं वेगळं सांगते. थिजलेलं, रवाळ तूप वाटीत भरताना मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून वाटीने मोजायचं तर पातळ करूनच मोजा. वजनाने घ्यायचं असेल तर कसंही घ्या, ग्रॅम तेच. तेला-तुपाच्या लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरात ग्रॅमही छापलेले असतात, तेलाच्या बहुतेक ९१० आणि तुपाच्या ९०५. एक लिटर तूप म्हणजे एक किलो तूप नव्हे.

टप्पा ६: आता कृती किलोत बदला

आधी प्रत्येक जिन्नसाच्या वाट्यांचे ग्रॅम करायचे, प्रमाण वाढवायचं ते त्यानंतर. उलटं केलं की काय होतं ते बेसनाच्या लाडवांवर बघा.

वहीत: ४ वाट्या बेसन, सव्वा वाटी पातळ तूप, ३ वाट्या पिठीसाखर. माझ्या वाटीत बेसन ७८ ग्रॅम, तूप १४५, पिठीसाखर ८०. म्हणजे बेसन ३१२, तूप १८१, साखर २४० ग्रॅम. एक किलो बेसन घ्यायचं तर १००० ÷ ३१२ = ३.२ पट. तूप साधारण ५८० ग्रॅम, साखर ७७०.

आता चुकीचा हिशोब: चारास सव्वा, म्हणून एक किलोला ३१२ ग्रॅम तूप, चारास तीन म्हणून ७५० साखर. साखर जवळपास बरोबर आली, कारण बेसन आणि पिठीसाखर वजनाला सारखीच हलकी. त्यामुळे हिशोब बरोबर असल्यासारखा वाटतो. तूप मात्र निम्म्यावर आलं. बेसन खमंग भाजलं जात नाही, कढईला लागतं, आणि लाडू वळताना मुठीत भुगा होतो. मग वरून तूप सोडत बसायचं. ५८० ग्रॅम तूप म्हणजे सुमारे ६४० मिली, तेव्हा अर्धा लिटरच्या एका पिशवीत भागणार नाही, हे वाण्याकडे जाण्याआधीच कळलेलं बरं.

चकलीच्या भाजणीत गंमत वेगळी आहे. समजा ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, १ वाटी पोहे, अर्धी वाटी धने, पाव वाटी जिरे. वाटीला पाव किलो धरून पुष्कळजणी थेट यादी करतात: एक किलो, अर्धा किलो, पाव किलो, पाव किलो पोहे, १२५ ग्रॅम धने. तांदूळ आणि डाळी वजनाला जवळपास सारख्याच असल्याने तिथपर्यंत बरोबर चालतं. पण जाड पोहे तांदळाच्या निम्म्याच्या आसपास भरतात आणि धने त्याहूनही हलके. एक किलो तांदळाला खरे पोहे सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर आणि धने ५०-५५ ग्रॅम पुरेत. थेट यादीने दोन्ही दुप्पट गेले. भाजणी पाणी जास्त ओढते आणि चव धन्याकडे जाते. जिऱ्यांचंही तसंच, पण ते थोडेच असल्याने कळत नाही.

म्हणून एका कृतीत सगळं धान्य असेल तर वाटीचं प्रमाण किलोला लावलं तरी निभतं. धान्याबरोबर पीठ, पोहे, मसाले, खोबरं, तूप किंवा पाणी आलं की निभत नाही. पाणी आलं की तर कधीच नाही. चकलीच्या उकडीलाही वाटीस वाटी पाणी घेत असाल तर भाजणी किलोने मोजू नका, नाहीतर आधी तिच्या वाट्या करा.

टप्पा ७: ग्रॅममधली कृती वाटीने करायची असेल तर

ग्रॅमला आपल्या तक्त्यातल्या वाटीमागच्या ग्रॅमने भागा, झालं. २५० ग्रॅम रवा, वाटीत ११२, म्हणजे सव्वादोन वाट्या. उत्तर २.२३ सारखं आलं तर जवळच्या पाव वाटीला आणा, शिऱ्याला तेवढं चालतं. केक, ब्रेड, नानकटाई यांना ते चालत नाही. तिथे काटाच वापरा.

टप्पा ८: चमच्याचे जिन्नस

५ मिलीच्या सपाट चमच्यात बारीक मीठ ६ ग्रॅम, साखर ४, हळद ३, लाल तिखट अडीच ते तीन, जिरे आणि धने सुमारे २, खसखस ३, बेकिंग पावडर ४ ते साडेचार, खायचा सोडा साडेचार ते ५, इन्स्टंट यीस्ट ३. घरगुती मसाला किती जाडसर दळला आहे त्यावर आकडा हलतो, तो स्वतः मोजा. एक ग्रॅमचा काटा एवढ्या छोट्या वजनाला भरवशाचा नाही, दहा चमचे एकत्र मोजून दहाने भागा. खडेमीठ चमच्याने मोजूच नका, खड्यांच्या मधल्या जागा दर चमच्याला वेगळ्या. लोणच्याला मीठ कमी पडलं तर ते टिकत नाही, तिथे कैरीही वजनाने आणि मीठही वजनाने.

चिमूट, मूठभर कोथिंबीर, चवीपुरतं मीठ यांचे ग्रॅम करू नका. हिंगाची चिमूट काट्यावर टाकून काही मिळत नाही.

काटा नसेल तर

अर्धा लिटर दुधाची पिशवी फोडून वाटीने मोजा. ५०० ला वाट्यांच्या संख्येने भागलं की वाटीचं मिली मिळालं. तीन वाट्या आणि वर थोडं, तर वाटी १६० च्या आसपासची. तसंच ५०० ग्रॅमचं रव्याचं सीलबंद पाकीट सपाट वाट्यांनी मोजा. साडेचार वाट्या भरल्या तर वाटीत १११ ग्रॅम. साखर, मैदा, पोहे, साबुदाणा, सगळं पाकीट पहिल्यांदा डब्यात ओततानाच असं मोजलं तर महिन्याभरात काट्याशिवाय तक्ता तयार होतो. शेवटच्या अर्ध्यामुर्ध्या वाटीचा अंदाज चुकतो, म्हणून किलोचं पाकीट मिळत असेल तर ते घ्या, चूक निम्मी होते.

वाटी बदलली, हरवली किंवा पोचा पडला, तर फक्त टप्पा २ पुन्हा करायचा आणि तक्त्यातला प्रत्येक आकडा नव्या मिलीने गुणून जुन्या मिलीने भागायचा.